एक जानेवारी १९००

मे २०२१. दुपारचे साडेतीन. कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेमध्ये डायनिंग टेबलच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आई गवार निवडत बसलेली, आणि माझ्या कानात हेडफोन. तेव्हा सगळ्यांचंच ऑफिस असं स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसलं होतं. ते दिवस कसे होते हे मी तुम्हाला सांगायला नको. मोबाइल वाजला की आधी पोटात गोळा यायचा, मग हात पुढे व्हायचा.

त्या दुपारचा फोन मात्र कामाचा होता. आमच्या क्लायंट कंपनीच्या भोसरीच्या कारखान्यातल्या एचआर मॅडम. "सर, ते एक तिकीट आहे ना, नॉमिनीचं? ३१ दिवस झाले हो. त्या बाई दर सोमवारी गेटवर येऊन उभ्या राहतात. मी काय सांगू त्यांना?"

मी तिकीट उघडलं. आमच्याकडे प्रत्येक तिकिटाला प्रायॉरिटी असते. पी-वन म्हणजे आग लागलीये, ताटावरून उठून ये. पी-टू म्हणजे धूर दिसतोय. पी-थ्री म्हणजे बघू. आणि पी-फोर म्हणजे दिवाळीनंतर. हे पी-फोर होतं. विषय : 'डेटा मॉडेल एरर, नॉमिनी, रेकॉर्ड १'. हजारो रेकॉर्डमधलं एक रेकॉर्ड अडकलंय, त्याच्यासाठी कोण उठतंय?

ते एक रेकॉर्ड म्हणजे एका फिटरची बायको होती. फिटर एप्रिलच्या सुरुवातीला कोविडनं गेले होते. कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्सचे पैसे बायकोला मिळायचे होते, आणि आमची सिस्टिम म्हणत होती की या बाईंची जन्मतारीख चुकीची आहे.

जे आयटीवाले नाहीत त्यांनी प्लीज पान उलटू नका, दोन मिनिटांत सांगतो. कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये कामगारांची माहिती असते. विमा कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये पॉलिसी असते. हे दोघं एकमेकांशी वेब सर्व्हिसमधून बोलतात, आणि बोलण्याआधी काय बोलायचं ते ठरवून घेतात. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात ना, अगदी तसं. मानपान कुणी करायचे, जेवणावळी कुणाकडे, सगळं कागदावर उतरवून दोन्हीकडच्या सह्या. आमच्या याद्यांना आम्ही डेटा मॉडेल म्हणतो. नाव अक्षरांत हवं. पिनकोड सहा आकडी हवा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी हवी. कुठली गोष्ट हवीच हवी आणि कुठली नसली तरी चालेल, हेही त्यातच. समोरून आलेला माल यादीप्रमाणे नसला की रुखवत दारातूनच परत! याचं नाव एरर.

यातल्या गमतीजमती सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. कामगाराचा नंबर ००७. कुणीतरी शहाण्यानं त्या रकान्याला 'संख्या' म्हणून ठेवलं, की पुढच्या सिस्टिममध्ये तो नुसता ७ होतो. मग ००७ म्हणतो माझा पगार कुठाय आणि सिस्टिम म्हणते तुम्ही कोण? किंवा आडनाव. आपल्याला वाटतं जगात सगळ्यांना आडनाव असतं. माझा एक चेन्नईचा मित्र आहे, त्याला एकच नाव आहे. आमच्या सिस्टिममध्ये आडनाव सक्तीचं, म्हणून एचआरनं तिथं एक टिंब टाकलं. अमेरिकेच्या व्हिसावर त्याचं एकुलतं एक नाव आडनावाच्या जागी गेलं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू आलं, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'. ऑनसाइटला लोक त्याला प्रेमानं 'फ्नू' म्हणायला लागले. तो हसतो. त्याच्या वडिलांना ही गोष्ट त्यानं सांगितलेली नाही.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'काहीच नाही'. तुम्हाला वाटेल काहीच नाही म्हणजे काहीच नाही. आमच्यात 'काहीच नाही' तीन प्रकारचं असतं. पुन्हा लग्नाचंच घ्या. एका काकांना आमंत्रणच गेलं नाही. दुसऱ्यांना गेलं, त्यांची खुर्ची मांडली, पण खुर्ची रिकामी. तिसऱ्यांनी आठ दिवस आधी कळवलं की येऊ शकत नाही. मांडवातून बघितलं तर तिघंही नाहीतच. पण वधूपित्याला विचारा, तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक्सएमएलमध्येही तसंच. रकानाच पाठवला नाही, रिकामा रकाना पाठवला, किंवा रकान्यावर 'निल' असं लिहून पाठवलं. समोरच्या सिस्टिमला यातलं एकच चालत असेल, तर बाकी दोन्हींना एरर. निम्मी भांडणं या तीन शून्यांवरून होतात.

असो. फिटरच्या बायकोकडे येतो.

अशा एररचा माग काढायची एक पद्धत आहे, आणि ती अजिबात ग्लॅमरस नाही. एक चालणारं रेकॉर्ड घ्यायचं, एक न चालणारं घ्यायचं, दोन्ही शेजारी ठेवायची आणि ओळीनं वाचत जायचं. तांदूळ निवडतात तसं. मग मागं मागं जायचं. विमा कंपनीला काय पोचलं, आमच्याकडून काय निघालं, आमच्याकडे काय आलं होतं, डेटाबेसमध्ये काय पडलंय. एरर जिथं दिसते तिथं ती जन्मलेली नसते, हे या लाइनमध्ये पहिल्या वर्षीच कळतं आणि दर वेळी नव्यानं शिकावं लागतं.

माझ्याबरोबर टीममधली एक नवी पोरगी होती. ती जॉइन झाली तीच लॉकडाऊनमध्ये, हिंजवडीचं ऑफिस तिनं अजून पाहिलंही नव्हतं. साताऱ्याला घरी बसून काम करायची. तिनं दोन्ही रेकॉर्डं काढून माझ्यासमोर स्क्रीन शेअर केली. चालणाऱ्या रेकॉर्डात नॉमिनीच्या तारखेपुढे वेळ होती १८:३०:००. न चालणाऱ्यात १८:३८:५०.

आता १८:३० हा आकडा पाहिला की भारतातला कुठलाही प्रोग्रॅमर डोळे मिटून सांगेल काय झालंय. आपली मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. जन्मतारखेला खरं तर वेळ नसतेच. पण २०२० मध्ये आम्ही जुनी सर्व्हिस काढून नवी लावली, तेव्हा कुणीतरी जन्मतारखेचा प्रकार 'तारीख' ऐवजी 'तारीख आणि वेळ' असा ठेवला. झालं! प्रत्येकाची जन्मतारीख आदल्या दिवसावर सरकली. ते टेस्टिंगमध्येच सापडलं, आणि विमा कंपनीनं तोडगा काढला. आलेल्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे, बरोबर मध्यरात्र आली की वेळ खोडून तारीख ठेवायची. मध्यरात्र आली नाही तर रेकॉर्ड परत. जुगाड होता, पण चालत होता.

१८:३८:५० मध्ये साडेपाच तास मिळवले की येतात रात्रीचे बारा वाजून आठ मिनिटं पन्नास सेकंद. म्हणून रेकॉर्ड परत. पण ही आठ मिनिटं पन्नास सेकंद आली कुठून?

दोन दिवस आम्ही त्या आठ मिनिटांच्या मागे होतो. सर्व्हरचं घड्याळ पाहिलं. नेटवर्कवाल्यांना उगाच शिव्या घातल्या. मग पोरीनं सगळ्या परत आलेल्या नोंदी चाळल्या आणि तिला अशा आणखी दोन सापडल्या, पण त्यांचा फरक वेगळा होता, बरोबर एक तासाचा. दोन्ही नॉमिनी कामगारांच्या आया होत्या, दोघी १९४३ आणि १९४४ मधल्या. रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला : "सर, दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरला माहीत होतं! जगातल्या प्रत्येक भागात कुठल्या वर्षी घड्याळ किती पुढे होतं, याची एक भलीमोठी वही कॉम्प्युटरमध्ये असते. टाइम झोन डेटाबेस म्हणतात तिला. त्या वहीत 'एशिया/कोलकाता' या पानावर लिहिलंय की १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. आणि त्याच्या आधी? त्याच्या आधी मद्रास टाइम. पाच तास, एकवीस मिनिटं, दहा सेकंद. रेल्वे त्या वेळेवर चालायची. (मुंबईचं घड्याळ तेव्हा आणखी वेगळं होतं, आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ नंतरही मुंबईनं ते लवकर सोडलं नाही. मुंबईकरांचं वेळेबाबतचं वेड काही लोकलपासून सुरू झालेलं नाही.) साडेपाच तासांतून पाच तास एकवीस मिनिटं दहा सेकंद वजा करा. आठ मिनिटं पन्नास सेकंद!

मी खुर्चीतून उठून नाचलो. खरंच. बायको म्हणाली, काय झालं, व्हॅक्सिनचा स्लॉट मिळाला का?

आणि मग पाय जमिनीवर टेकायच्या आतच डोक्यात आलं. मद्रास टाइम लागला, म्हणजे या नॉमिनीची जन्मतारीख १९०६ च्या आधीची आहे. फिटर अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांची बायको एकशे एकवीस?

डेटाबेसमध्ये तारीख होती १ जानेवारी १९००.

आता जरा मागे, २००९ मध्ये चला. मी चोवीस वर्षांचा, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. हिंजवडी फेज वन, गळ्यात आयकार्ड, सॅकमध्ये डबा, ऑर्कुटवर तीनशे फ्रेंड्स. मंदीमुळे बेंचवर बसलेल्यांचे चेहरे रोज दिसत होते आणि मी मात्र लाइव्ह प्रोजेक्टवर, त्यामुळे कॉलर टाइट. काम हेच : कारखान्यातून नॉमिनींची माहिती उचलायची, विमा कंपनीला पाठवायची. सोप सर्व्हिस होती तेव्हा. गो-लाइव्ह शनिवारी.

गुरुवारी रात्री पूर्ण डेटा सोडला आणि २१४ रेकॉर्डं परत आली. एरर सगळ्यांना एकच, आणि मला ती आजही पाठ आहे. दोन अवतरणचिन्हं, आणि पुढे इंग्रजीत, की ही तारखेसाठी व्हॅलिड व्हॅल्यू नाही. त्या दोन अवतरणचिन्हांच्या मधे काहीच नव्हतं. मला आधी वाटलं अक्षर छापायचं राहिलंय. पण सिस्टिम अगदी प्रामाणिकपणे सांगत होती : तू मला 'काहीच नाही' पाठवलंयस आणि ही तारीख नाही.

जुन्या कामगारांचे फॉर्म कागदी होते. त्यात नॉमिनीच्या जन्मतारखेचा रकाना बहुतेकांनी रिकामा सोडला होता. आमच्या याद्यांमध्ये मात्र ती तारीख सक्तीची. मी क्लायंटला मेल टाकला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. लीडकडे गेलो. लीड माणूस चांगला होता, आजही आमचे फोन होतात. तो मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाला, "टाक ना काहीतरी डमी. फेज टूमध्ये बघू."

फेज टू म्हणजे आमच्या धंद्यातला पुढचा जन्म. त्यावर सगळ्यांचा विश्वास असतो, परत येऊन सांगणारा कुणी भेटलेला नसतो.

डमी म्हणून कुठली तारीख टाकायची याचाही मी फार विचार केला नाही. १ जानेवारी १९०० ही आमच्यात खूप वेळा दिसते. एक्सेलची दिनदर्शिका तिथून सुरू होते. एसक्यूएल सर्व्हरला रिकामा मजकूर देऊन 'याची तारीख कर' म्हटलं, तर तो बिनतक्रार हीच तारीख काढून देतो. मी तीन ओळी लिहिल्या. तारीख रिकामी असेल तर १ जानेवारी १९०० पाठव. वर कॉमेंट टाकली, 'टेम्पररी फिक्स'. २१४ च्या २१४ रेकॉर्डं गेली. शनिवारी गो-लाइव्ह झालं, वाकडच्या ढाब्यावर पार्टी झाली, आणि माझ्या अ‍ॅप्रेझलमध्ये 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' या रकान्यात पाचपैकी पाच आले.

त्याच वर्षी टोनी होअर या मोठ्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञानं लंडनच्या एका कॉन्फरन्समध्ये कबुली दिली होती की १९६५ मध्ये त्यांनी 'नल' ही कल्पना एका भाषेत आणली आणि ती आपली अब्ज डॉलरची चूक होती. नल म्हणजे आमच्यातलं 'काहीच नाही'. मी हे नंतर वाचलं. माझी चूक उलटी होती, आणि स्वस्तातली. मी 'काहीच नाही'ला घाबरलो आणि त्याच्यावर एक खोटी तारीख चिकटवली. एरर ओरडत होती तोवर २१४ बायका, आया, मुलगे सगळ्यांना दिसत होते. मी तिला गप्प केलं आणि ते दिसेनासे झाले.

२०२१ मध्ये परत येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलवर पोरीनं जुना कोड काढला. बारा वर्षांत तीन टीम बदलल्या, सर्व्हर बदलले, सोप जाऊन रेस्ट आलं, मी दोन कंपन्या फिरून याच अकाउंटवर परत आलो. ती कॉमेंट तिथंच. ती हसत म्हणाली, "सर, बघा ना. टेम्पररी फिक्स म्हणे! कुणी केलं असेल हो हे? माणसाला जराही वाटलं नाही की खरी माणसं आहेत ही?"

कोडच्या इतिहासात लॉगिन दिसतं. तिनं अजून ते उघडलं नव्हतं. मी म्यूटवर होतो. आठ-दहा सेकंद म्यूटवरच राहिलो. मग म्यूट काढून म्हटलं, "मी."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मग किती रेकॉर्डं असतील अशी, मी काढते." चांगली इंजिनिअर आहे ती.

७२ निघाली. बाकीचे कामगार सोडून गेले होते किंवा त्यांनी स्वतःहून माहिती दुरुस्त केली होती. ७२ तारखा मिळवणं काही फार अवघड नव्हतं. एचआर मॅडमनी खातेनिहाय याद्या लावल्या आणि कामगार फोनवरून सांगत गेले. मला झोप आली नाही ती वेगळ्याच यादीनं. २००९ पासून २०२० पर्यंत याच २१४ मधल्या नऊ जणांचे क्लेम येऊन गेले होते. तेव्हाच्या जुन्या सिस्टिमला तारीख पटायची, पण विमा कंपनीच्या टेबलावरच्या माणसाला अर्थातच पटायची नाही. तो कागद मागायचा. सात जणांनी कागद दिले, हेलपाटे घातले, कुणाला चार महिने लागले तर कुणाला अकरा. दोन फाइलींवर शेरा होता, 'प्रतिसाद नाही, क्लोज्ड'. एक २०१३ ची, एक २०१६ ची.

यावर मी काय लिहू? क्लेम बंद मी केले नव्हते, हे खरं आहे. मी तसं बायकोला सांगूनही पाहिलं. ती म्हणाली, "बरं." आणि ताटं घ्यायला गेली.

फिटरच्या बायकोची तारीख कारखान्यातल्या कुणालाच माहीत नव्हती, म्हणून मॅडमनी तिघांचा कॉल लावून दिला. खरं तर आम्ही कधीच कुणाशी थेट बोलत नाही. आमच्यासाठी माणूस म्हणजे रेकॉर्ड. मी "नमस्कार काकू" म्हटलं आणि पुढे काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी सरळ विचारलं, "काकू, तुमची जन्मतारीख सांगता का?"

"तारीख न्हाई ठावं साहेब. पाटणकडची हाय मी. भूकंप झाला न्हवं कोयनेचा, तवा मी आईच्या अंगावर पीत हुते. आई सांगायची, भित पडली आन मला उचलून भाईर पळाली."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. म्हणजे काकू त्याच्या आधीच्या, हे नक्की. मी विचारलं शाळेत गेला होता का. दोन वर्षं गेल्या होत्या. मास्तरांनी दाखल्यावर १ जून १९६६ लिहिलं होतं, असं त्यांच्या भावाला आठवत होतं. आणि आधार कार्डावर? त्यांनी मुलीला कार्ड वाचायला लावलं. १ जानेवारी १९६८. म्हणजे आधारप्रमाणे भूकंप झाला तेव्हा काकू जन्मल्याच नव्हत्या!

१ जून ऐकलं आणि मला माझे बाबा आठवले. त्यांचाही वाढदिवस १ जून. त्यांच्या तिन्ही भावांचा १ जून. तुमच्याही घरात एखादे तरी १ जूनवाले असतीलच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हजेरीपटाला तारीख सक्तीची, आणि पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची. मग मास्तर पोराला समोर उभं करायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, लिही १ जून. डमी व्हॅल्यूच ती. माझ्यात आणि त्या मास्तरांत फरक एवढाच, की त्यांनी पोराला समोर उभं केलं होतं.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट सांगू? एक्सएमएलच्या मॉडेलमध्ये 'नुसतं वर्ष' असा प्रकार २००१ पासून आहे. दिवस नको, महिना नको, फक्त १९६७ लिहा, चालतं. मी अभ्यासात तो वाचला होता. २००९ च्या त्या शुक्रवारी तो वापरायचं सुचवलं असतं, तर याद्या बदलाव्या लागल्या असत्या, मीटिंगा झाल्या असत्या, गो-लाइव्ह कदाचित आठवडाभर पुढे गेलं असतं. जितकी सर्व्हिसेसची मॉडेलं मी नंतर पाहिली, त्यात तो प्रकार जन्मतारखेला वापरलेला मला एकदाही दिसला नाही. भूकंपाच्या वर्षी जन्मलेली माणसं आमच्या याद्यांमध्ये कुणी धरतच नाही.

काकूंच्या रेकॉर्डात शेवटी काय भरलं असेल, ओळखा. विमा कंपनीला तारीख आधारशी जुळायला हवी होती. खरी आहे का, हे कुणी विचारलं नाही. १ जानेवारी १९६८ भरली. पुन्हा एक जानेवारी! या वेळी मात्र कुठलीच एरर आली नाही. अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. मॅडमनी फोन करून सांगितलं, काकूंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय म्हणाल्या. कशाबद्दल, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?

नंतर आम्ही नव्या सर्व्हिसमध्ये दोन बदल केले. जन्मतारखेचा प्रकार पुन्हा नुसती 'तारीख' केला, त्यामुळे मद्रास टाइम आणि महायुद्ध दोन्ही सुटले. आणि नॉमिनीची तारीख ऐच्छिक केली. ठाऊक नसेल तर रकाना रिकामा पाठवा, सोबत कारण लिहा. हे पटवायला विमा कंपनीबरोबर सात मीटिंगा झाल्या. सहाव्या मीटिंगमध्ये त्यांच्याकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, एवढं कशाला? डमी टाकू ना काहीतरी." चोवीस-पंचवीसचा असेल. त्याला मी काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण माझ्या टीममधल्या पोरीनं मला प्रायव्हेट चॅटवर 'सर, शांत' असं लिहिलं होतं.

त्या दोन बंद फाइलींपैकी २०१३ ची सापडली. नॉमिनी मुलगा होता, आता चाकणला टेम्पो चालवतो. फाइल पुन्हा उघडली, वेळ लागला, पण झालं. पैसे मिळाल्यावर त्यानं विचारलं की व्याज मिळेल का. बरोबर विचारलं त्यानं.

२०१६ वाल्या बाईंचा फोन लागत नाही. कारखान्याच्या रेकॉर्डमधला पत्ता पिंपरीतल्या एका चाळीचा आहे. मी स्वतः जाऊन आलो. तिथं आता पार्किंगसकट बारा मजली सोसायटी आहे आणि वॉचमनला काही माहीत नाही. पोरीनं विचारलं, सर, यांच्या तारखेचं काय करायचं? एक जानेवारी १९०० काढून टाक म्हटलं. तिनं काढली. रकाना आता रिकामा आहे, आणि कारणाच्या जागी तिनं लिहिलंय, 'शोध चालू'.